बिनतारी इंटरनेटचा पाट आपल्या हाताने काढावा

पाटाच्या टोकाची बांधी म्हणजे काय, हे गोंदिया जिल्ह्यातील धानउत्पादकास सांगावयास नको. तलाव तुडुंब भरलेला असतो, पाणी सोडलेले असते, वरच्या बांध्या धुऱ्यावरून वाहत असतात, आणि टोकाच्या बांधीतील रोवणी मात्र भेगाळलेल्या जमिनीत माना टाकून उभी असते. दोष पाण्याचा नसतो, तलावाचाही नसतो. पाणी जेथे न्यावयाचे तेथे नेणारा पाट नीट नसतो, इतकेच.

सांप्रत आपल्या गावांत अशीच एक नवी टोकाची बांधी उत्पन्न झाली आहे. इंटरनेटची तार गावात आली आहे, कित्येक घरांच्या ओसरीवर राउटरची पेटी लुकलुकत आहे. परंतु त्याच घराच्या मागील सांदवाडीत, गोठ्यात किंवा दीड-दोनशे पावलांवरील खळ्यावर गेले की मोबाइलवरील वायफायच्या रेघा एकेक करून मावळतात. मातीच्या जाड भिंती, वरती टिनाचे पत्रे, मध्ये चिंचेचे ओले झाड, यांच्या पलीकडे लहर जात नाही. यावर घरच्या घरी डब्याचा किंवा पत्र्याचा अँटेना करून इलाज करता येतो, अशी चर्चा तरुण मंडळींत चालते. ती पोरखेळ म्हणून झिडकारावी, की तिच्यात आपले हित आहे, याचा विचार या लेखात कर्तव्य आहे.

प्रथम, हा प्रश्न चैनीचा आहे हा समज दूर केला पाहिजे. उभ्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करावी अशी ई-पीक पाहणीची पद्धत १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. डिजिटल सहीचा सात-बारा २०१८ पासून संगणकावर मिळू लागला. धान हमीभावाने खरेदी केंद्रावर घालावयाचे तर त्यापूर्वी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, आणि त्या नोंदणीस मुदत असते. मुदत टळली की तेच धान व्यापाऱ्यास तो म्हणेल त्या भावाने द्यावे लागते. आम्ही स्वतः एका वर्षी मुदतीच्या अखेरच्या दिवसांत हातात कागदपत्रे घेऊन तलावाच्या पाळीवर रात्री उभे राहिलो आहो. कारण घरात लहर नव्हती आणि पाळीवर थोडीशी होती. पुंजणे रचून झाले, मळणी झाली, पोती शिवली, आणि चार महिन्यांच्या घामाची किंमत एका न उघडणाऱ्या पानावर अडून राहिली, हा अनुभव ज्याने घेतला तो या विषयास क्षुल्लक म्हणणार नाही.

आता उपायांकडे वळू. बाजारात 'बूस्टर' या एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न वस्तू विकल्या जातात, आणि त्यांतील भेद न कळल्यामुळे आपले बंधू फसतात. एक वस्तू मोबाइलच्या टॉवरची लहर पकडून वाढविणारी. ही परवान्यावाचून बाळगणे व वापरणे बेकायदेशीर आहे, आणि तसे असणे योग्यही आहे. असे यंत्र बिघडले किंवा वेडेवाकडे बसविले की ते टॉवरच्या कानाशी गोंगाट करू लागते, आणि साऱ्या गावाचे बोलणे तुटू लागते. रात्री गुपचूप पाट फोडून आपली बांधी भरणाऱ्याने गावाचे जे नुकसान होते, तेच हे. सबब आमच्या वाचकांनी ही वस्तू कोणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नये.

दुसरी वस्तू वायफायची. तिचे नियम निराळे आहेत. २.४ गिगाहर्ट्झच्या ज्या पट्ट्यात बहुतेक राउटर चालतात, तो पट्टा भारत सरकारने २००५ साली परवान्याच्या बंधनातून मुक्त केला. मात्र यंत्राची शक्ती १ वॉटपर्यंत, अँटेनासह एका दिशेस जाणारा जोर ४ वॉटपर्यंत, आणि अँटेनाची उंची इमारतीच्या छपरापासून ५ मीटरपर्यंत, अशा मर्यादा घातल्या. या कुंपणाच्या आत शेतकऱ्याने आपल्या हाताने अँटेना करून लावण्यास कोणाचीही आडकाठी नाही.

अँटेना काय करतो हे नीट समजून घेतले, तर पुढील अर्धे काम होते. तो नवी शक्ती निर्माण करीत नाही. राउटरचा साधा अँटेना चारी दिशांस सारखी लहर फेकतो. म्हणजे शेजाऱ्याच्या भिंतीवर, रस्त्यावर आणि विहिरीवरही. डब्याचा किंवा वाकविलेल्या पत्र्याचा अँटेना तीच लहर गोळा करून एका दिशेस वळवितो. तलावाचे पाणी वाढले नाही. चहूकडे पसरणारे पाणी पाटात घातले. शिवाय अँटेना बोलतो तसा ऐकतोही. विजेने जोर वाढविणारे यंत्र राउटरला मोठ्याने ओरडावयास लावते, परंतु खळ्यावरील मोबाइलचा क्षीण आवाज राउटरला पूर्वीइतकाच कमी ऐकू येतो. आणि उत्तर ऐकू न आले तर हाक मारून उपयोग काय? दिशेचा अँटेना तोंड आणि कान दोन्ही सुधारतो. म्हणूनच विकतच्या यंत्रापेक्षा घरचा डबा पुष्कळदा अधिक कामाचा ठरतो.

ही विद्या परदेशी चमत्कार आहे असेही कोणी समजू नये. जगदीशचंद्र बसूंनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात अतिसूक्ष्म विद्युत्‌लहरींचे प्रयोग केले आणि १८९७ साली ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखविले. लहर हव्या त्या दिशेस नेण्यासाठी त्यांनी धातूच्या पोकळ नळ्या वापरल्या होत्या. आजचा डब्याचा अँटेना ही त्याच कल्पनेची गावठी आवृत्ती होय. आणि दिशा साधली असता काय होऊ शकते, हे व्हेनेझुएलातील एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी २००७ साली दाखविले. त्यांनी साधी वायफायची यंत्रे मोठ्या थाळीच्या अँटेनास जोडून एका पर्वतावरून दुसऱ्या पर्वतापर्यंत ३८२ किलोमीटर अंतरावर संदेश पोहोचविला. जे साधले ते मुख्यतः जोराने साधले नाही. दिशेने आणि मधल्या मोकळ्या आकाशाने साधले.

तेव्हा करावे कसे? प्रथम काही न करता जे साधते ते साधावे. राउटर लोखंडी कोठीच्या मागे, टिनाच्या पत्र्याखाली किंवा पाण्याच्या टाकीजवळ ठेवू नये. उंच जागी, खळ्याच्या बाजूच्या खिडकीत ठेवावा. त्याच्या दोन पट्ट्यांपैकी दूरच्या कामासाठी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडावा. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान खरा, पण भिंतीपुढे लवकर थकतो. आणि अंतर १०० मीटरच्या आत असेल, तर सरळ नेटवर्कची तार नळीतून पुरून न्यावी व पलीकडे दुसरा लहान राउटर ठेवावा. तारेइतका भरवशाचा पाट दुसरा नाही. हे आम्ही आधीच सांगून ठेवतो, कारण हौसेपायी सोपे सोडून अवघड धरण्याची आपली खोड आहे.

तारेने काम होण्यासारखे नसेल तर पत्र्याचा परावर्तक करावा. २३ सेंटिमीटर लांब आणि राउटरच्या अँटेनाइतका उंच असा पातळ पत्रा, किंवा चांदीसारखा कागद चिकटविलेला पुठ्ठा घ्यावा. तो असा वाकवावा की दोन्ही कडांमधील अंतर २० सेंटिमीटर व मधली खोली ५ सेंटिमीटर राहील. मध्यापासून बाजूस ५ सेंटिमीटर सरकल्यावर बाक सव्वा सेंटिमीटर आला पाहिजे. कागदावर आधी आकृती काढून त्यावर पत्रा बसवावा. मग दोन्ही कडांना जोडणाऱ्या रेषेच्या बरोबर मध्यावर राउटरचा अँटेना उभा येईल असा तो पत्रा त्याच्या मागे ठेवावा, आणि पोकळ बाजू खळ्याकडे करावी. त्या दिशेस लहरीचा जोर दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो. यात काही उघडावे लागत नाही, काही डाखावे लागत नाही. ज्यांची पेटी कंपनीने दिलेली असून तिचा अँटेना निघत नाही, त्यांनी येथेच थांबावे. पेटी फोडू नये.

ज्यांच्या राउटरचा अँटेना फिरवून काढता येतो, त्यांनी डब्याचा अँटेना करून पाहावा. डबा धातूचाच हवा, एका टोकास बंद, आणि व्यास साडेसात ते नऊ सेंटिमीटरच्या दरम्यान. याहून अरुंद डब्यात ही लहर शिरत नाही, आणि फार रुंद डब्यात ती नीट एकमार्गी राहत नाही. लहरीची लांबी सुमारे सव्वाबारा सेंटिमीटर. तिचा चौथा हिस्सा म्हणजे ३.१ सेंटिमीटर, इतकी तांब्याची जाड तार डब्याच्या आत उभी राहिली पाहिजे. ९ सेंटिमीटर व्यासाच्या डब्यात ही तार बंद टोकापासून ५.१ सेंटिमीटरवर बसवावी व डब्याची लांबी १५ सेंटिमीटरहून कमी नसावी. ८.३ सेंटिमीटर व्यास असेल तर हेच अंतर ६.२ सेंटिमीटर होते आणि लांबी साडेअठरा लागते. डबा अरुंद होत जातो तसे अंतर वाढते, हे ध्यानात ठेवावे. कारण एकाचे माप दुसऱ्याने आंधळेपणाने घेतल्यामुळेच पुष्कळांचे डबे निकामी ठरतात. तार ज्या कनेक्टरवर डाखावयाची तो 'एन' जातीचा असावा, आणि तार डब्याच्या अंगास कोठेही टेकू नये. पलीकडच्या यंत्राचा अँटेना उभा असेल तर डब्यातील तारही उभीच राहील असा डबा बांधावा.

अशा डब्याने त्या दिशेस सुमारे दहापट जोर मिळू शकतो, आणि मोकळ्या मैदानात दहापट जोर म्हणजे सुमारे तिप्पट अंतर. दहापट अंतर मिळेल असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. अंतर दुप्पट झाले की लहर चौथाई उरते, हा निसर्गाचा हिशेब कोणास चुकत नाही. राउटर व डबा यांमधील बारीक केबल जितकी लांब तितका तोटा. सामान्य बारीक केबलीच्या तीन मीटरांत निम्मी शक्ती आटते. म्हणून डबा छपरावर व राउटर माजघरात, असे करू नये. केबल हातभर ठेवून राउटरच वर न्यावा.

टाकून दिलेली टीव्हीची थाळी वापरण्याचा मोह काहींना होतो. तिच्याविषयी एक इशारा आवश्यक आहे. ६० सेंटिमीटरची थाळी नीट बसविली तर जोर शंभरपटीच्या आसपास वाढवू शकते. घरगुती राउटरची शक्ती दशांश वॉट धरली, तर डब्यातून १ वॉटइतका जोर होतो आणि तो मर्यादेत राहतो. परंतु थाळीतून १० वॉटइतका होतो, आणि ४ वॉटची मर्यादा मोडते. थाळी वापरावयाची असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये शक्ती उतरवून मगच वापरावी. आपल्या शेतास पाणी नेताना शेजाऱ्याचा धुरा फुटू नये, हा जो आपला जुना नियम, तोच येथेही लागू आहे.

दोन गोष्टी विशेषतः आपल्या जिल्ह्याकरिता. दोन टोकांमधील नुसती नजरेची रेषा मोकळी असून भागत नाही. ५०० मीटर अंतर असेल तर मध्यावर त्या रेषेभोवती सुमारे चार मीटरपर्यंतचा पैस लहर व्यापते, आणि त्याचा बराचसा भाग मोकळा असावा लागतो. उन्हाळ्यात पानगळीनंतर उत्तम चालणारी जोडणी पावसाळ्यात झाडे ओलीचिंब व दाट झाल्यावर बसते, ती याचमुळे. म्हणून परीक्षा आषाढ-श्रावणात घ्यावी, चैत्रात नव्हे. दुसरी गोष्ट विजेची. मोकळ्या धानशेतीत लोखंडी खांबावर उंच डबा उभारणे म्हणजे आकाशातील विजेस आमंत्रण होय. खांबास जमिनीत नीट अर्थिंग द्यावे, ढग दाटताच केबल काढून ठेवावी, आणि गडगडाट सुरू असता कोणीही छपरावर चढू नये. नोंदणी दुसऱ्या दिवशी करता येते. गेलेले माणूस परत येत नाही.

येथवर जे सांगितले ते एकेका घराचे. परंतु आमचे खरे मत याहून थोडे पुढचे आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. कोहळी मंडळींनी या भागात ठिकठिकाणी जे तलाव उभे केले, ते करताना त्यांच्याजवळ आजची मोजणीची यंत्रे नव्हती; उतार ओळखणारी नजर होती, आणि गावाने मिळून काम करण्याची रीत होती. तीच रीत येथे लागू करावी. धानाची मळणी आटोपल्यावर प्रत्येक गावच्या शेतकरी मंडळाने एक दिवस ठरवावा. आयटीआयमध्ये शिकलेल्या गावच्या मुलामुलींस बोलवावे, कनेक्टर व केबल एकत्र खरेदी करावी, मापे एका फळ्यावर लिहून ठेवावी, आणि दहा घरांचे पत्रे व डबे एका दिवसात करावेत. ज्याची जोडणी फसेल तिचे कारणही त्या फळ्यावर लिहावे. दुसऱ्यास त्याचा लाभ होईल. जोडणी कोणासही वापरू देताना पासवर्ड मात्र घरचाच व पक्का असावा, कारण आपल्या नावावरच्या जोडणीतून कोणी गैरकृत्य केले तर विचारणा आपल्याकडेच होते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. 'ग्रामपंचायतीपर्यंत तार नेण्याची योजना सरकारने २०११ साली मंजूर केली, २०१५ पासून तीस भारतनेट हे नाव मिळाले. मग शेतकऱ्याने डबे का डाखीत बसावे? सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या जंगलपट्ट्यातील कित्येक पाड्यांत मुळात लहरच नाही, तेथे डब्याने काय होणार?' आमचे उत्तर असे की, काहीही होणार नाही. कोरड्या तलावास कितीही सुबक पाट काढला तरी बांधी भिजत नाही. डब्याचा अँटेना हा असलेल्या लहरीस वाट देतो, नसलेली लहर आणीत नाही. आणि जोडणीचा मूळ वेगच मंद असेल तर तोही वाढवीत नाही. म्हणून ही घरगुती युक्ती सरकारच्या व कंपन्यांच्या कर्तव्याची जागा घेते, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. गावापर्यंत तार आणणे, आलेली तार तुटली असता लवकर जोडणे, हे त्यांचेच काम, आणि ते ग्रामसभेत ठरावाने मागितले पाहिजे. मुंबईच्या आयआयटीचे प्राध्यापक अभय करंदीकर व त्यांचे सहकारी यांनी पालघर जिल्ह्यातील गावांत टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यातील लहरींवरून इंटरनेट नेण्याचे प्रयोग केले. ते आपल्या राज्यातच झाले. तसे प्रयत्न आपल्या जंगलपट्ट्यात का होऊ नयेत, हे विचारण्याचा आपणास अधिकार आहे.

परंतु मागणी करणे आणि हात बांधून बसणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. ज्याने स्वतः पत्रा वाकवून पाहिला, तारेचे माप घेतले, कोणत्या झाडाआड लहर मरते हे ओळखले, तो ग्रामसभेत उभा राहून 'नेट चालत नाही' एवढेच म्हणणार नाही; तार कोठपर्यंत चांगली आहे आणि कोठून पुढे नाही, हे तो बोट ठेवून सांगेल. अशा शेतकऱ्यास टोलविणे कोणासही सोपे जात नाही. डब्याचा मोठा लाभ आम्ही हाच समजतो. खळ्यावर येणाऱ्या दोन रेघा हा वरकड नफा.

तेव्हा आमची वाचकबंधूंस विनंती आहे की, पुढील हंगामाची नोंदणी सुरू होण्यापूर्वी एक पुठ्ठा, एक पत्रा आणि एक फूटपट्टी घेऊन बसावे. आधी परावर्तक करून पाहावा, मग डबा. जे साधेल ते आणि जे फसेल तेही मंडळास कळवावे. टोकाची बांधी भिजविण्याकरिता आपण पिढ्यान्‌पिढ्या कुदळ घेऊन पाटावर गेलो आहो. हा पाट डोळ्यांस दिसत नाही, एवढाच काय तो फरक.